वाढवलेल्या नोंदी

नदीला पाणी नव्हतं, यात नवल काहीच नव्हतं. एप्रिल महिना होता. पण नदीच्या वहीतही जागा उरली नव्हती, आणि ते मात्र काही केल्या चैतालीच्या डोक्यात शिरेना.

ही वही कागदाची नव्हे हं. माणकी नदीच्या काठावर चाळीस गावं, गावागणिक एक शाळा आणि प्रत्येक शाळेत कपाटाएवढी एक निळी पेटी. नदीपात्रात रोवलेली पातळीपट्टी (पाण्याची उंची मोजणारा खांब) दर दहा सेकंदांनी उंची सांगायची आणि पेटी ती लिहून घ्यायची. पाणी नसलं तर शून्य लिहायची, पण लिहायची म्हणजे लिहायचीच. या चाळीस पेट्या मिळून झाली नदीची वही. आज बोरजाईची पेटी शाळेच्या रंगकामासाठी बंद होती, आणि बाकीच्या एकोणचाळीस पेट्यांवर लाल दिवे लागले होते. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: "जागा नाही. नवी नोंद घेता येत नाही."

"तात्या, वही भरली की आपण नवी आणतो. मग एक पेटी आणा की!" चैताली म्हणाली.

तात्या म्हणजे तिचे आजोबा, बळवंत शिंगटे. अख्खं आयुष्य जलशास्त्रज्ञ (पाण्याचा अभ्यास करणारे) म्हणून गेलं आणि आता आंबवळच्या शाळेच्या आवारातलं नोंदघर सांभाळत होते. ते काही बोलणार, तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यावर धरणाच्या अभियंता गोसावी मॅडम दिसल्या. त्यांचा चेहराच सांगत होता की बातमी बरी नाही.

"शिंगटेसाहेब, आज चार वाजता तुमच्या नदीची पाणीपाळी. पण मला तुमचे सगळे दिवे लाल दिसतायत."

"बघतोच आहे मॅडम."

"नियम तुम्हीच घालून दिलाय. चाळीसही पट्ट्यांच्या ताज्या नोंदी होत असल्याशिवाय दरवाजे उघडायचे नाहीत. कोरड्या पात्रात गुरं असतात, पोरं खेळत असतात. नोंद नाही तर धोक्याचा भोंगा नाही, आणि भोंग्याशिवाय मी पाणी सोडणार नाही."

"बरोबर आहे तुमचं. सोडूच नका."

"मग चारला पाणी उजव्या कालव्याला वळवावं लागेल. त्यांचाही हक्क आहे. तुमची पुढची पाळी एकवीस दिवसांनी."

पडदा मिटला. आंबवळच्या विहिरीत चार दिवसांचं पाणी होतं. सकाळी तिनेच दोर सोडून मोजलं होतं. नदी वाहिली की झरे भरायचे, विहीर वर यायची. नाही वाहिली तर? चार दिवस आणि एकवीस दिवस, या हिशोबाला पाटीपेन्सिल लागत नाही.

घड्याळात साडेबारा वाजले होते.

"चैतू, आधी नीट समजून घे," तात्या शांतपणे म्हणाले. त्यांची ही सवय घरात सगळ्यांना छळायची. आग लागली तरी ते आधी आग म्हणजे काय ते समजावतील! "नवी पेटी आणली तर काय होईल?"

"जागा होईल."

"किती दिवस?"

चैताली बोटांवर मोजू लागली.

"दर दहा सेकंदांना एक नोंद. दिवसाच्या आठ हजार सहाशे चाळीस. चाळीस पट्ट्यांच्या झाल्या जवळजवळ साडेतीन लाख. शिवाय प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती, तीन वेगवेगळ्या शाळांत. का बरं?"

"एखादी पेटी बिघडली तरी नोंद हरवू नये म्हणून."

"शाबास! याला म्हणतात विखुरलेला माहितीसाठा (एकाच ठिकाणी न ठेवता अनेक ठिकाणी मिळून सांभाळलेली माहिती). आणि वेळेच्या क्रमाने एकामागून एक येत राहणाऱ्या अशा नोंदींना म्हणतात कालमालिका. कालमालिका कधी संपत नाही, बाळ. घरात रोज वर्तमानपत्र येतं आणि रद्दी कधीच काढली नाही, तर एक दिवस माणसांना अंगणात झोपावं लागेल. म्हणून प्रत्येक नोंद जन्मतानाच आयुर्मर्यादा (किती दिवस ठेवायची ती मुदत) घेऊन येते. आपली मुदत आहे नव्वद दिवस."

"आणि नव्वद दिवसांनी?"

"त्या दिवसाचं सार काढायचं. सर्वांत जास्त पाणी किती, सर्वांत कमी किती, सरासरी किती, पाणी आलं किती वाजता. एका दिवसाची एकच ओळ. ती ओळ कायम ठेवायची आणि बाकीचा गठ्ठा..." तात्या अडखळले. "बाकीचा गठ्ठा निरोप घेतो."

चैतालीने पडद्यावर बोट ठेवून मागे मागे सरकवलं. मार्च, फेब्रुवारी, जानेवारी. इथे नोंदी संपायला हव्या होत्या. पण डिसेंबर होता, नोव्हेंबर होता. गेल्या वर्षीचा पावसाळासुद्धा जसाच्या तसा, दहा-दहा सेकंदांचा!

"तात्या, पंधरा महिन्यांच्या नोंदी आहेत इथे! एकही गठ्ठा गेलेला नाही!"

तात्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि दाराकडे वळून हाक मारली, "अहो टिपणीस!"

टिपणीस एका चाकावर डुलत आत आला. तो नोंदघराचा यंत्रमानव. गेल्या वर्षीच्या जानेवारीत शहरातून आला होता आणि कारखान्यातच शब्दकोशातून मराठी शिकला होता. तात्या त्याला मानाने अहो-जाहो करायचे.

"नव्वद दिवसांनंतरच्या नोंदींचं काम तुमच्याकडे दिलं होतं ना आम्ही?"

"होय तात्यासाहेब. रोज पहाटे न चुकता करतो," टिपणीस अभिमानाने म्हणाला. "चारशे सत्तावन्न दिवसांत एकही खाडा नाही."

"मग नोंदी इथे कशा?"

"मी केलं म्हणून तर आहेत," टिपणीस म्हणाला.

तात्यांनी कपाळावर हात मारला. पुढचा तासभर आजोबा-नातीने पेट्या धुंडाळल्या, तारा तपासल्या, घड्याळं जुळवली. सगळं ठणठणीत होतं! टिपणीसही काही खोटं बोलणारा नव्हता. शेवटी तात्याच म्हणाले, "उपाशीपोटी डोकं चालत नाही. दोन घास खाऊ. टिपणीस, ओट्यावर नारळ आहे तेवढा वाढवा बघू. चटणी करतो."

टिपणीस नारळासमोर जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

"तात्यासाहेब, नारळ वाढवायला खत आणि पाणी लागेल," तो अगदी विनयाने म्हणाला. "आणि साधारण सात वर्षं. चटणी आजच हवी आहे का?"

चैताली हसत सुटली. हसता हसता एकदम थांबली.

"टिपणीस! तात्यांनी काम दिलं तेव्हा काय म्हणाले होते? त्यांच्याच आवाजात ऐकव!"

टिपणीसच्या छातीतून तात्यांचा आवाज आला: "नव्वद दिवस झाले की नोंद वाढवत जा, बरं का."

"म्हणून मी नोंद नव्वद दिवसांची झाली की तिचं आयुष्य आणखी नव्वद दिवसांनी वाढवतो," टिपणीस म्हणाला. "पुन्हा नव्वद झाले की पुन्हा वाढवतो."

तात्या मटकन खुर्चीत बसले.

आता तुम्हीच सांगा, यात चूक कुणाची? आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणायचं. संपलं, फुटलं, बंद केलं, असं चांगल्या गोष्टींबद्दल बोलायला जीभ धजत नाही ना, म्हणून! तात्यांच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. रोज संध्याकाळी "बळ्या, दुकान वाढव रे" ऐकत ते लहानाचे मोठे झाले. आयुष्यभर जपलेल्या नदीच्या नोंदी 'पुसून टाक' असं त्यांच्या तोंडून कधी निघालंच नसतं. आणि बिचाऱ्या टिपणीसने शब्दाला शब्द पाळला होता.

"चूक माझीच," तात्या म्हणाले. "टिपणीस, तुमचा काही दोष नाही हो."

"वाढवणे," टिपणीस पुटपुटला. "अर्थ एक, मोठे करणे. अर्थ दोन, मानाने संपवणे. टिपून घेतलं. पण तात्यासाहेब, दोन्ही अर्थ अगदी उलट आहेत."

"असू देत हो. आमची भाषा आहेच तशी," तात्या म्हणाले आणि आज पहिल्यांदा हसले.

पावणेदोन वाजले होते. चटणी राहिली बाजूला. तात्यांनी आधी प्रत्येक दिवसाचं सार निघालंय का ते पाहिलं. तीन शाळांतल्या ओळी ताडून पाहिल्या, तिन्हीकडे तंतोतंत एकच. "सार पक्कं झाल्याशिवाय गठ्ठ्याला हात लावायचा नाही, हे कायम ध्यानात ठेव," ते म्हणाले. मग पेट्यांना नवा नियम गेला: मुदत नव्वद दिवस, वाढ नाही.

"पण एवढ्या कोट्यवधी नोंदी एकेक करून पुसायला किती वेळ लागेल?" चैतालीने विचारलं.

"एकेक कशाला? आपण त्या दिवसावारी बांधून ठेवतो. एका दिवसाच्या नोंदी एकत्र जन्मतात, त्यांची मुदतही एकत्रच सरते. अख्खा गठ्ठा उचलायचा. आत काय आहे ते उघडूनही बघायचं नाही."

आणि खरोखर, सव्वादोनला चैतालीने कळ दाबली तशी एकेक पेटी हलकी होत गेली. आंबवळ हिरवं. वरचं गाव हिरवं. एकोणचाळीस हिरवे दिवे! चैतालीने टाळ्या पिटल्या.

"राहिली बोरजाई," ती म्हणाली आणि तिने लगेच बोरजाईच्या डांगे सरांना फोन लावला. सर बारा दिवस शिडीवर चढून स्वतः शाळेच्या भिंती रंगवत होते.

"सर, पेटी आत्ताच्या आत्ता चालू कराल का? आमची पाणीपाळी अडलीय!"

"अगं, एवढंच ना? रंगाचे हात पुसतो आणि करतो," सर म्हणाले.

तीनला दहा कमी असताना बोरजाईचा दिवा लागला. चाळीस! चैताली तात्यांचा हात धरून नाचणार, एवढ्यात बोरजाईच्या वरच्या गावाचा दिवा लाल झाला. मग खालच्या गावाचा. मग त्याच्याही खालचा.

"जागा नाही. नवी नोंद घेता येत नाही."

चैतालीने पडदा मागे सरकवला. डिसेंबर होता. नोव्हेंबर होता. तिने स्वतःच्या हाताने निरोप दिलेले गठ्ठे पुन्हा मुकाट्याने येऊन बसले होते.

"हे कसं शक्य आहे?" तिला रडू येऊ लागलं. "आपण पुसले होते ना? तात्या, तीन वाजून गेले!"

तात्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पुसले होते खरे. पण बोरजाईला कुणी सांगितलं?"

बोरजाई बारा दिवस गैरहजर. तिला एकदम तिच्या वर्गातला निनाद आठवला. तो गोवर आल्यामुळे आठवडाभर घरी होता. त्या आठवड्यात बाईंनी शुक्रवारची परीक्षा रद्द केली होती. निनाद आला तो सगळ्यांना "अरे, परीक्षा आहे ना, अभ्यास करा!" म्हणत सुटला, आणि अर्ध्या वर्गाने खरं मानून अभ्यास केला.

"कळलं!" ती ओरडली. "बोरजाई जागी झाली. तिला नवा नियम माहीतच नाही. तिने शेजारच्या पेट्यांकडे पाहिलं, तर त्यांच्याकडे नोंदी नाहीत. तिला वाटलं, अरेरे, यांच्या हरवल्या वाटतं! म्हणून तिने आपल्याकडच्या प्रती वाटून टाकल्या!"

"अगदी तस्संच! प्रती कशासाठी ठेवल्या होत्या? कुणाची नोंद हरवली तर दुसऱ्याने द्यावी म्हणून. बोरजाईने आपलं कर्तव्यच केलं, पोरी. नोंद हरवली आहे की निरोप घेऊन गेली आहे, हे रिकामी जागा बघून कळत नाही. दोन्ही रिकाम्या जागा सारख्याच दिसतात."

"मग नुसतं पुसून भागणार नाही," चैताली हळूहळू म्हणाली. "पुसलं असं तिथे लिहून ठेवायला हवं."

तात्यांचे डोळे चमकले. "त्याला निरोपखूण म्हणतात (नोंद मुदत संपून गेली, हरवलेली नाही, असं सांगणारी छोटी चिठ्ठी). मघाशी पेट्या इतक्या तुडुंब होत्या की खूण लिहायलाही जागा नव्हती. म्हणून मी घाईने खुणेशिवाय गठ्ठे उचलायला लावले. ही माझी दुसरी चूक."

"पण मग या खुणांचीच रद्दी साठेल की!"

"साठेल. म्हणून खुणेलाही मुदत. ती किती ठेवशील?"

चैतालीने बोटं मोजली. "सगळ्यात जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या पेटीपेक्षा जास्त. बोरजाई बारा दिवस बंद होती. तीस ठेवूया."

"आणि एखादी पेटी तिसाहून जास्त दिवस बंद राहिली तर?"

"तर तिला तसंच आत घ्यायचं नाही. आधी तिच्यातलं सगळं रिकामं करायचं, मग शेजाऱ्यांकडून तिला नव्याने भरायचं."

तात्या टिपणीसकडे वळले. म्हणाले, "ऐकलंत ना? हे टिपून घ्या. चैताली शिंगटे, इयत्ता सहावी, यांचा नियम."

सव्वातीनला डांगे सरांना पुन्हा फोन गेला. बिचारे सर पुन्हा शिडीवरून उतरले, पेटी बंद केली आणि "अगं, दहा वेळा उतरेन, पाणी येऊ दे तुमचं," म्हणाले. चैतालीने परत आलेले गठ्ठे पुन्हा उचलले. या वेळी आधीच्या आणि आताच्या, उचललेल्या प्रत्येक गठ्ठ्याच्या जागी टिपणीसने भराभर निरोपखूण लिहिली. नवा नियम बोरजाईच्या नावाने दाराशीच ठेवला, म्हणजे जागी होताक्षणी तिने आधी तोच वाचावा. तीन चाळीस झाले. पंचेचाळीस झाले.

"सर, आता करा चालू!"

बोरजाईचा दिवा पिवळा झाला. पेटीने नियम वाचला. शेजाऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्याकडे नोंदी नव्हत्या, पण खुणा होत्या. चैताली पडद्याला नाक लावून उभी होती. मग डिसेंबरचा गठ्ठा गेला, नोव्हेंबरचा गेला, आणि बोरजाईचा दिवा हिरवा झाला. वरचं गाव हिरवंच राहिलं. खालचंही हिरवंच राहिलं.

चारला सात मिनिटं कमी असताना गोसावी मॅडम पडद्यावर आल्या. त्यांनी दिवे मोजले. एकदा मोजले, दोनदा मोजले.

"चाळीस," त्या म्हणाल्या. "भोंगा वाजवते. पात्र मोकळं झालं की दरवाजे उघडते. शिंगटेसाहेब, जिंकलात!"

"मी नाही हो, माझी नात," तात्या म्हणाले. "तुमचेही उपकार आहेत मॅडम. तुम्ही नियमावर अडून बसलात. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ दे, एक दिवस चालतंय."

संध्याकाळी आंबवळचं सगळं गाव पुलावर लोटलं. धरण नऊ किलोमीटर वर. टिपणीस कठड्याला टेकून उभा होता आणि जो येईल त्याला सांगत होता, "पाणी सहा एकवीसला येईल. एक-दोन मिनिटं इकडे-तिकडे."

"टिपणीस, तुला कसं रे कळलं?" चैतालीने विचारलं. "जुन्या नोंदी तर आज आपण सगळ्या वाढवल्या. दुसऱ्या अर्थाने!"

"नोंदी गेल्या. ओळी आहेत," टिपणीस म्हणाला. "वही सुरू झाल्यापासून एप्रिलच्या एकतीस पाणीपाळ्यांत पाणी धरणातून निघालं किती वाजता आणि आंबवळला पोचलं किती वाजता, एवढंच. त्यावरून काढलं."

चैताली कोरड्या वाळूकडे बघत राहिली. एकतीस पाळ्या. प्रत्येक पाळीच्या लाखो नोंदी. ऊन, पाऊस, थंडी, कुणीतरी पट्टीवरचा गाळ पुसला असेल, कुणीतरी डांगे सरांसारखं शिडीवरून उतरून पेटी चालू केली असेल. त्या नोंदी कुठेच नव्हत्या आता. आणि तरी सगळं गाव नेमक्या वेळेला पुलावर हजर होतं. तिला त्या सगळ्यांबद्दल, नोंदींबद्दलसुद्धा, आतून फार बरं वाटलं. दुपारी कळ दाबताना आपण 'थँक्यू' म्हणायलाच विसरलो, असं तिच्या मनात आलं. मग तिने तिथेच, कुणाला दिसणार नाही असे, हात जोडले.

सहा बावीसला वळणापाशी वाळू काळी झाली. काटक्या, पाचोळा आणि फेस पुढे ढकलत पाण्याची जीभ आली. ती पुलाखाली शिरली तशी पोरांनी एकच गिल्ला केला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. चार दिवसांनी विहिरीत काय असेल, या विचाराने गेला आठवडा कुणालाच नीट झोप नव्हती.

"एक मिनिट उशीर," टिपणीस ओशाळून म्हणाला.

"माफ केलं!" तात्या म्हणाले.

पातळीपट्टीवर आकडा उमटला आणि चाळिसांतल्या तीन पेट्यांनी तो लिहून घेतला: सहा वाजून बावीस मिनिटं, चार सेंटीमीटर. एप्रिलची बत्तिसावी पाणीपाळी.

"आजोबा, ही नोंद किती दिवस राहणार?" शेजारच्या एका छोट्या मुलीने तात्यांना विचारलं.

तात्यांनी चैतालीकडे बोट दाखवलं. चैताली खाली वाकली आणि तिला उचलून कठड्यावर धरलं, म्हणजे तिला पाणी नीट दिसावं.

"नव्वद दिवस," ती म्हणाली. "मग ती जाईल. पण तू मोठी झालीस की एखाद्या एप्रिलमध्ये इथेच उभी राहशील, आणि पाणी किती वाजता येणार ते तुला आधीच ठाऊक असेल."